गाडी एव्हरेज देईना झालीय, १७ वरनं १२ वर आली. कुठनं सुरुवात करू?

शहापुरी

नमस्कार मंडळी. गाडी १.२ पेट्रोल हॅचबॅक, २०१७ चं मॉडेल, रनिंग ७८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथं लगेच तुमची भारी का आमची भारी सुरू होतंय आणि माझं एव्हरेज राहतं बाजूला.

आधी गावात आणि हायवेला मिळून १७ आरामात देत होती. पावसाळ्यापासून उतरत उतरत आता १२, लई झालं तर साडेबारा. पिकअप बरा आहे, काळा धूर नाही, चेक इंजिन लाइट पेटलेली नाही, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पेट्रोलमध्ये ओतायची ती बाटली पण ओतून झाली, काही फरक नाही. एक गॅरेजवाला म्हणतोय इंजेक्टर क्लीनिंग करू, दुसरा म्हणतोय इंजिन डिकार्बन करू, दोघांचाही आकडा ऐकून गप्प परत आलो. घरात म्हणूलाल्यात की ई२० मुळं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळं, सगळ्यांच्याच गाड्यांचं असं झालंय, तू एकटाच काय डोकं धरून बसलास. खरं इतकं?

रोजचं रनिंग म्हणजे बेळगावातच शहापूर ते उद्यमबाग कामाला, मधी पोरीला शाळेत सोडायचं, आणि सुट्टीला निपाणीला सासुरवाडी. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निपाणीकर

ई२० च आहे भावा. विषय संपला. आमच्याकडं चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातला ऊस आधी साखरेत जात होता, आता थेट तुझ्या टाकीत येतोय 😀 माझं पण दीड-दोननं कमी झालंय.

चंदगडी

+१. आणि पंपवाले पण मारतात. आम्ही शिनोळीवरनं पुढं येऊन बेळगावात टाकी फुल करतो, कारण आमच्याकडं महाराष्ट्रात दर जास्त असायचा. २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोल तीनेक रुपयांनी चढलं, तेव्हापासून तो फायदा पण उरला नाही म्हणा, खरं सवय सुटत नाही. तर सांगायचं म्हणजे पंप बदलून बघ.

तात्या_टिळकवाडी

पेट्रोल पहाटे भरत जा. थंडीत दाट असतं, लिटरला जास्त बसतं. आणि उताराला न्यूट्रल. आमच्या कार्बोरेटरच्या गाडीत मी चोर्ला घाट अख्खा न्यूट्रलवर उतरवला आहे.

अनगोळकरीण

तात्या, घाटात न्यूट्रल अजिबात नको ओ. एकतर ब्रेक तापून जातात, आणि इंजेक्शनच्या गाडीत फायदाही उलटा. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंदच करतो, चाकं इंजिनला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकलं की इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं पेट्रोल द्यावं लागतं. कार्बोरेटरची गोष्ट वेगळी होती, ते कबूल. आणि पहाटेचं म्हणाल तर पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं पेट्रोल दिवसभरात फारसं तापतही नाही नि गारही होत नाही.

आता ई२०. त्याच्यावर सगळं ढकलायच्या आधी जरा हिशेब करूया. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. आपण आधी काही शुद्ध पेट्रोल घालत नव्हतो, २०२२ पासून देशभर दहा टक्केवालंच होतं, म्हणजे तुलना ई१० शी करायची. ऊर्जेच्या हिशेबानं ई१० वरनं ई२० वर आलं की साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० ला जुळवलेल्या जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के लिहिलंय, चला ते धरू. १७ चे ७ टक्के म्हणजे १.२. सतराचे सोळा होतील, पावणेसोळा होतील. बारा कसे होतील? निपाणीकर, तुमचं दीड-दोन सुद्धा सगळं ई२० चं नाही, लिहून ठेवा.

शहापुरी, मला दोन गोष्टी सांगा. एक, हे १२ कशावरनं मोजलं, डॅशबोर्डच्या आकड्यावरनं का टाकी फुल करून? दोन, पावसाळ्यापासून गाडीत काय काय बदललं ते सगळं लिहा. टायर, काम, रस्ता, पार्किंग, काहीही. फालतू वाटलं तरी लिहा.

निपाणीकर

ताई तुम्ही मास्तरीण आहात काय 😀

अनगोळकरीण

फाउंड्रीत क्वालिटीला आहे. सवय लागलीय, प्रत्येक रिजेक्शनला कारण आणि प्रत्येक कारणाला टक्के.

शहापुरी

डॅशबोर्डवरनं मोजलं ताई. टाकी फुल करून कधी बघितलं नाही.

बदललं म्हणजे, टायर नवीन घातले पावसाच्या तोंडाला. कंपनीचे १८५/६५ आर १५ होते, दुकानदार म्हणाला १९५/६५ बसतात, गाडी रस्त्याला चिकटून राहते, तर ते घातले. पार्किंग आधी घरात होतं, आता भावाची गाडी आत असते म्हणून माझी बाहेर गल्लीत, जरा उतार आहे तिथं. आणि गोव्यावरनं येताना एकदा कणकुंबीच्या अलीकडं गाडी तापली होती, रेडिएटरचा होज चिरलेला, तिथल्याच एका मेस्त्रीनं बदलून दिला. तेव्हापासून तापायची काय तक्रार नाही, उलट एकदम थंड चालते. बाकी काही नाही.

उद्यमबाग_मेस्त्री

धागा आत्ता बघितला. जेवून बसलोय, म्हणून जरा मोठं लिहितो.

पहिलं, बाटल्या ओतणं बंद कर. इंजेक्टर क्लीनिंग पण आत्ता नको. इंजिन आयडलला थरथरत नाही, मिसफायर नाही, पिकअप हाय, मग इंजेक्टरनं काय घोडं मारलंय. लोकांचं काय होतं, एव्हरेज कमी झालं की जे स्वस्त आणि हाताशी हाय ते बदलत सुटतात. एअर फिल्टर घे. कार्बोरेटरच्या जमान्यात फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल प्यायची, ते खरं. आताच्या पेट्रोल गाडीत ईसीयू हवा मोजतो आणि त्या मापानं पेट्रोल सोडतो. फिल्टर चोंदला तर हवा कमी, पेट्रोल पण कमी, गाडी ओढायची बंद होते खरं एव्हरेजला फार धक्का नाही. फिल्टर बदलावा, इंजिनासाठी बदलावा, एव्हरेजच्या आशेनं नको.

टायरची हवा. दहा पीएसआय कमी असली तर दोन-एक टक्के जातात. दाराच्या खांबावर स्टिकर असतोय तेवढी घालायची, हवा मारणाऱ्या पोराला विचारून नाही. ते सगळ्यांनाच एकच आकडा मारतात.

आता तीस टक्क्याच्या जवळ जाणारा आजार हवा असेल तर तो या चौघांतलाच असतोय. ब्रेक धरून राहिलाय. इंजिन गरमच होत नाही. ऑक्सिजन नाहीतर टेंपरेचर सेन्सर खोटं बोलूलालाय. क्लच घसरतोय, खरं तो असता तर तुला चढाला कळलं असतं, आरपीएम वर जातोय आणि गाडी जाग्यावर. यातले दोन सुद्धा एकदम असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच.

तुझी गाडी पावसात बाहेर, उतारावर, रोज हँडब्रेक ओढून. म्हणून सुरुवात मागच्या चाकांपासनं. ब्रेक न मारता जमेल तेवढं सरळ चार-पाच किलोमीटर चालव, पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडला जा, थांबताना पण गिअर उतरवत हळू थांब. उतरल्यावर चारी चाकांच्या मधोमध तळहात जवळ न्यायचा, टेकवायचा नाही, भाजतंय. एक चाक बाकीच्यांपेक्षा उगाच गरम लागलं तर चोर सापडला. नंतर जॅकवर उचलून, हँडब्रेक सोडून चाक हातानं फिरवून बघ. जरा घासल्याचा आवाज चालतोय, खरं ढकललं की दोन-तीन फेरे तरी फिरायला पाहिजे. ढकललं आणि थांबलं, म्हणजे धरलंय. जॅक लावताना पुढच्या चाकाला दगड लाव म्हणजे झालं, हे सांगायला लागू नये खरं सांगतो.

आणि त्या कणकुंबीच्या कामाचं मला जरा वेगळंच काहीतरी वाटूलालंय. "एकदम थंड चालते" हे मेस्त्रीच्या कानाला बरं वाटत नाही. आधी चाकं बघून ये, मग बोलू.

केए२३_चिकोडी

मेस्त्री, माझी डिझेल आहे, बीएस६, एव्हरेज १९ चं १५, सगळं गावातल्या गावात रनिंग. मला पण हेच लागू का?

उद्यमबाग_मेस्त्री

तुझं वेगळं. बीएस६ डिझेलला सायलेन्सरमधी डीपीएफ असतोय, काजळी धरतो. लांब पळवली की ती आपोआप जळते. तू गावातच फिरवलीस की ती साठत राहते, मग गाडी जास्तीचं डिझेल सोडून जाळायचा प्रयत्न करते, तेवढ्यात तू बंद करतोस, परत पहिल्यापासनं. आठवड्यातनं एकदा हायवेला घाल, अर्धा तास एका स्पीडनं. तरी नाही सुधारलं तर वेगळा धागा काढ.

तात्या_टिळकवाडी

डिझेल आणि पेट्रोल एकत्र करू नका, गोंधळ होतो. आणि आमच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी बंद करायला कुणी सांगत नाही का लोकांना? रेल्वे येईपर्यंत सगळी रांग धडधडत उभी असते, एसी लावून. त्याचं काय?

अनगोळकरीण

तात्या हे मात्र शंभर टक्के बरोबर. १.२ चं इंजिन नुसतं उभं राहून तासाला पाऊण लिटरच्या आसपास खातं, एसी असला तर त्याच्याही वर.

शहापुरी, मापायचं कसं ते सांगते, कारण डॅशबोर्डचा आकडा बऱ्याच गाड्यांत जरा कौतुकाचाच असतो. एकच पंप, जमलं तर त्याच मशीनचा तोच पाइप. नोझल पहिल्यांदा टक्क करून बंद झालं की बास. "राउंड फिगर करू का" म्हणाला तर नको म्हणा, त्या राउंड फिगरमध्ये अर्धा लिटर इकडंतिकडं होतो. किलोमीटर लिहून घ्या. निदान तीनेकशे किलोमीटर झाल्यावर परत तिथंच, परत पहिल्या टक्कला बंद. किलोमीटर भागिले लिटर. शंभर रुपयांचं टाकून मोजलेलं मोजमाप नसतं.

चंदगडीभाऊ, पंपाचा संशय असेल तर मनात ठेवू नका. प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, गिऱ्हाइकानं मागितलं की समोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीच्या आत फरक चालतो, जास्त असेल तर तक्रार करता येते.

चंदगडी

हे माहीत नव्हतं. मागून बघतो. पोरं तोंडाकडं बघत बसतील खरं बघतो.

शहापुरी

अपडेट.

टाकी फुल करून मोजलं, १२.१ आलं.

चाकं बघितली. हलग्याकडं सर्व्हिस रोडला नेली पहाटे. मागचं डावं चाक तापलेलं, बाकी तिन्ही नॉर्मल. जॅकवर घेतलं तर चाक ढकललं की जाग्यावर थांबतंय, अर्धा फेरा पण नाही. ड्रम उघडला तर लायनर एका बाजूनं काचेगत चकचकीत, आत गंज, आणि हँडब्रेकची केबल तिच्या नळीत अडकलेली. लीव्हर खाली सोडलं तरी चाकाकडं अर्धवटच सुटायची. केबल नवीन घातली, दोन्हीकडचे लायनर बदलले, ॲडजस्ट केलं. गाडी ढकलली तर आता माणसानं ढकलून हलते, आधी दोघं लागायची आणि मला वाटायचं नवीन टायरमुळं जड झालीय.

परत टाकीला टाकी मोजलं. १३.९.

निपाणीकर

वा! म्हणजे ई२० नव्हतं.

अनगोळकरीण

होतंच की, थोडं. सगळं नव्हतं एवढंच. आणि एव्हरेजचं सोडा, धरलेला ब्रेक घेऊन चोर्ला उतरायचं म्हणजे धोक्याचंच.

टायरचं पण सांगून टाकते. १८५/६५ आर १५ चा व्यास काढला तर ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो, १९५/६५ चा ६३४. दोन टक्के मोठा. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, पण मीटरला ते माहीत नाही, तो जुन्याच मापानं मोजतो. गाडी १०२ किलोमीटर गेली की मीटर १०० दाखवतो. म्हणजे तुमचं एव्हरेज दोन टक्के नुसतं कागदावरच गेलंय, पेट्रोल नाही गेलं. रुंद टायरनं थोडं खरंच जातं, ते वेगळं.

आता पुढचं. तुमच्याकडं ओबीडीचं, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचणारं, ब्लूटूथवालं स्कॅनर आहे का? स्टीअरिंगच्या खाली सॉकेट असतं तिथं लावायचं, मोबाइलवर ॲप. नसेल तर माझं घेऊन जा, अनगोळ काय लांब नाही. मला एकच आकडा पाहिजे: कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, टेंपरेचर. सकाळी थंड गाडी सुरू केल्यापासनं उद्यमबागेत पोचेपर्यंत, आणि मग निपाणीला जाताना हायवेवर.

उद्यमबाग_मेस्त्री

बरोबर. मी पण तेच सांगणार होतो. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम पण बघ, म्हणजे ईसीयू ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त नाहीतर कमी सोडूलालाय ते. पाचच्या आत असेल, प्लस नाहीतर मायनस, तर उत्तम, दहापर्यंत चालतंय. त्याच्या वर गेलं तर सेन्सर नाहीतर कुठंतरी हवा शिरूलालीय.

शहापुरी

ताईंकडून स्कॅनर आणलं, धन्यवाद, चहा पण झाला.

फ्युएल ट्रिम मायनस तीन-चार, म्हणजे ठीक ना? कोड काही नाही.

टेंपरेचर: घरातनं निघताना २४. काँग्रेस रोड, गोगटे सर्कल, असं करत उद्यमबागेत पोचलो तेव्हा ५८. सिग्नलला उभं राहिलं की ६५ च्या वर चढायचं, चालायला लागलं की परत खाली. निपाणीला जाताना तर आणि मजा, काकती सोडल्यावर मोकळ्या रस्त्याला ५२-५३ वर आलं आणि तिथंच. मधी सहापदरीच्या कामाला डायव्हर्जनमध्ये उसाच्या ट्रॉलीमागं सेकंड गिअरला लटकलो तेव्हा ७१. तवंदी घाटात चढाला ७४, हे सगळ्यात जास्त. थंड आहे म्हणजे चांगलंच ना?

उद्यमबाग_मेस्त्री

नाही रे बाबा. हेच ते.

पेट्रोलचं इंजिन ऐंशीच्या पुढं, नव्वदच्या आसपास चालायला बनवलेलं असतंय. मधी थर्मोस्टॅट असतो, तो इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं पाणी सोडतच नाही. गरम झालं की उघडतो, मग लागेल तेवढंच सोडतो. तुझं पहिल्या मिनिटापासनं रेडिएटरला जाऊन गार होऊन येतंय. आणि वारा जास्त तेवढं जास्त गार, म्हणून हायवेला खाली आणि ट्रॉलीमागं वर. चांगल्या थर्मोस्टॅटच्या गाडीत एकदा गरम झाली की हायवेला आकडा हलत नाही. तुझा उलटा पळतोय म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

नाहीतर तो आत नाहीच. माझी पैज दुसऱ्यावर.

शहापुरी

नाहीच म्हणजे??

जांबोटीवाला

म्हणजे काढून टाकला मर्दा. आमच्याकडं घाटाच्या वरच्या अंगाला, गाडी तापून कुणी आला की पहिलं काम तेच. मी लहानपणापासनं बघतोय. कमानीखाली बॉनेट उघडं, वाफ येतेय, बायकापोरं रस्त्यावर, पाऊस असा की समोरचं दिसत नाही, स्पेअर पार्ट कुठं तर बेळगावात. तो बिचारा होज कापून बसवतो, थर्मोस्टॅटवर संशय येतो, काढून हातात देतो नाहीतर तिथंच टाकतो, आणि सांगतो आता तापायची नाही. आणि तापत नाही पण. त्याला शिव्या घालू नका, त्यानं तुम्हाला घरी पोचवलं.

अनगोळकरीण

शिव्या कशाला. फक्त "बेळगावात गेल्यावर नवीन घालून घे" एवढं एक वाक्य सांगायला पाहिजे होतं.

तात्या_टिळकवाडी

पण मेस्त्री, आपल्याकडं गरम हवा. थर्मोस्टॅट थंड देशातल्या लोकांना. आमच्या वेळी सगळेच काढत होते, इंजिन थंड राहिलं तर झीज कमीच होणार की.

उद्यमबाग_मेस्त्री

तात्या, तुमच्या वेळचा मान ठेवून सांगतो, झीज वाढते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब राहतात, ते सिलिंडरच्या भिंतीवरनं ऑइल धुऊन खाली ऑइलमधीच जातात. डिपस्टिक काढून वास घेतला तर पेट्रोलचा वास येतोय अशा गाडीत. ऑइल घट्ट राहतंय, पंपाला ताकद लागते. आणि खर्चाचं मुख्य कारण म्हणजे ईसीयूला वाटतं गाडी अजून गरम व्हायचीच आहे, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. जुन्या गाडीला तुम्ही चोक ओढायचा आणि गरम झाली की आत सारायचा. याचा चोक दिवसभर ओढलेलाच हाय असं समजा.

आणि बेळगाव काय गरम देश नव्हे ओ, साडेसातशे मीटर उंचीवर बसलोय आपण. डिसेंबरात टिळकवाडीत तुम्हीच मफलर बांधून फिरता.

तात्या_टिळकवाडी

चोकचं पटलं.

केए२३_चिकोडी

चेक इंजिन लाइट का पेटली नाही मग?

अनगोळकरीण

त्या दोषाला पी०१२८ म्हणून कोड आहे, पण प्रत्येक गाडी तो तपासतेच असं नाही. लाइट पेटली म्हणजे काहीतरी आहे. नाही पेटली म्हणजे काही नाही, असा अर्थ काढू नये. इथं सेन्सर खरंच सांगत होता, ५८ म्हणजे ५८. त्याच्या दृष्टीनं बिघाड कुठाय? रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तर चांगली गाडी पण अर्धा वेळ थंडच असते, त्यात हे.

शहापुरी

उघडलं. मेस्त्री पैज जिंकले. आत काहीच नाही, नुसती रिकामी जागा, आणि गॅस्केटच्या जागी कसला तरी लाल गम. पाण्यात कुलंट पण नावालाच होतं, गढूळ पाणी निघालं.

नवीन थर्मोस्टॅट, रबर सील, पाणी सगळं काढून धुऊन नवीन कुलंट, आणि ऑइल पण बदललं कारण डिपस्टिकला खरंच वास येत होता. सगळं मिळून इंजेक्टरवाल्यानं सांगितलं होतं त्याच्यापेक्षा कमीत झालं.

आता टेंपरेचर: घरातनं निघून गोगटे सर्कल ओलांडेपर्यंत ८० च्या पुढं, मग ८८ ते ९२ मध्ये. हायवेला ८९ वर जे बसलं ते निपाणीपर्यंत हललंच नाही.

एव्हरेज टाकीला टाकी: १५.९. निपाणीची फेरी धरून.

निपाणीकर

१२.१ वरनं १५.९! अजून १७ नाही खरं. उरलेलं ई२० चं, कबूल करा आता.

अनगोळकरीण

कबूल. बघा हिशेब कसा बसतो. १७ मधनं ई२० चे साडेतीन टक्के काढले तर १६.४. त्याच्यातनं टायरच्या मीटरचे दोन टक्के काढले तर १६.१. १५.९ मध्ये आणि १६.१ मध्ये जे राहिलं ते रुंद टायर, नाहीतर उसाच्या ट्रॉल्या. सतराची वाट बघू नका आता, पुढचे टायर कंपनीच्या मापाचे घातले तर मीटरला १६ च्या वर जाईल. आणि यापुढं एखादा म्हणाला डिकार्बन करू, तर त्याला विचारा कशासाठी, उरलंय काय.

चंदगडी

पंपावर माप मागितलं. दिलं, आणि बरोबर भरलं, दहा मिलीचा पण फरक नाही. आता माझ्या गाडीचं पण बघायला पाहिजे मग, माझी पण गेल्या वर्षी आंबोलीत तापली होती आणि रस्त्यावरच काम केलं होतं. माझ्याकडं स्कॅनर नाही. हातानं काही कळतं का?

उद्यमबाग_मेस्त्री

कळतंय. गाडी रात्रभर थंड झालेली पाहिजे. सकाळी सुरू कर, बॉनेट उघड, रेडिएटरच्या वरच्या बाजूला इंजिनाकडनं जो जाड होज येतोय त्याच्यावर हात ठेव. चांगला थर्मोस्टॅट असला तर पाच-सात मिनिटं होज थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतोय, झटक्यात कळतं. सुरू केल्यापासनं हळूहळू कोमट होत गेला तर उघडा हाय, नाहीतर नाहीच. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतोय, तिथं ही परीक्षा चालत नाही, मग घेऊन ये.

फॅनपासनं हात आणि शर्टाची बाही लांब ठेव, तो कधीपण सुरू होतोय. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आणि नवीन घालताना तुझ्या गाडीच्या नंबरचाच घे, कमी टेंपरेचरला उघडणारा दाखवतील दुकानात, "घाटाला चांगला" म्हणून. तो घेऊ नको.

चंदगडी

शनिवारी शिनोळीवरनं तुमच्याकडंच येतो मेस्त्री. उद्यमबागेत कुठं?

उद्यमबाग_मेस्त्री

व्यनि केलाय. गाडी थंड पाहिजे म्हटलं की मी, चालवत आलास तर गरमच येणार. होजचं घरीच बघ आणि मग ये.